१९९१ च्या मियाटात कोणते इंजिन घालावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण सॅन होजेत राहता. १९९१ सालची, १.६ लिटर इंजिनाची माझदा मियाटा गेल्या वर्षी घेतली आणि तिचे आता १,६२,००० मैल झाले आहेत. शनिवार-रविवारी सांताक्रूझच्या डोंगरातल्या रस्त्यांवर फिरता, वर्षातून चार-पाच वेळा लागुना सेका किंवा थंडरहिलच्या ट्रॅकवर जाता, आणि दहा हजार डॉलरच्या आत चाकांवर २०० अश्वशक्ती मिळाव्यात अशी आपली इच्छा आहे. त्यासाठी माझदाचेच १.८ लिटरचे इंजिन घालावे, आहे त्या इंजिनाला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) लावावा, होंडाचे के२४ हे चार सिलिंडरांचे इंजिन बसवावे, की ‘एकदाच काय ते’ म्हणून आठ सिलिंडरांचे व्ही-८ घालून मोकळे व्हावे, हे आपल्याला ठरवायचे आहे.

मी गेली एकोणीस वर्षे सॅक्रामेंटोजवळच्या एका लहान वर्कशॉपमध्ये मुख्यतः याच गाड्यांची कामे करतो. त्याआधी पुण्यात नाना पेठेतल्या एका गॅरेजात हात काळे केले. हे सांगण्याचे कारण एवढेच की पुढचे बरेचसे मत स्वतःच्या हातून झालेल्या कामांवर, आणि त्यांतल्या काही चुकांवर, बेतलेले आहे. जिथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे तिथे तसे स्पष्ट सांगतो.

सर्वांत आधी २०० हा आकडा बाजूला ठेवू. आपल्या गाडीचे इंजिन कारखान्यातून निघाले तेव्हा ६,५०० आरपीएमला ११६ अश्वशक्ती देत होते, तीही क्रँकशाफ्टवर. चाकांवर मोजल्यास गाडी धडधाकट असली तरी शंभराच्या आतच आकडा येतो. म्हणजे आपण दुपटीहून अधिक मागत आहात. मागायला हरकत नाही, पण ती कमतरता आपल्याला नेमकी कुठे जाणवते, हे आपण लिहिलेले नाही. लागुना सेकाला सहाव्या वळणानंतर कॉर्कस्क्रू नावाच्या तीव्र उताराच्या वळणाकडे जाणारा चढ आहे. तिथे १.६ ची मियाटा अक्षरशः धापा टाकते आणि मागची प्रत्येक गाडी आरशात मोठी होत जाते. तिथली तक्रार असेल तर ती खरोखर इंजिनाची आहे. डोंगरातल्या रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना गाडी मंद वाटत असेल, तर मात्र मी आधी टायर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि तिशी ओलांडलेली रबरी बुशिंग पाहीन. वळणातला वेग टिकला की पिकअपची निम्मी तक्रार मिटते, हे मी ग्राहकांना पटवून देण्यात एकोणीस वर्षे घालवली आहेत आणि अजूनही पटवतोच आहे.

कागदावरच्या आकड्यांबद्दल एक जुनी गोष्ट. २००१ च्या मियाटाचे इंजिन १५५ अश्वशक्तीचे आहे असे माझदाने अमेरिकेत जाहीर केले, पुढे तो आकडा १४२ वर आणावा लागला, आणि ज्यांनी गाड्या घेतल्या होत्या त्यांना त्या परत विकत घेण्याची तयारी कंपनीला दाखवावी लागली. गंमत अशी की तोपर्यंत तेरा अश्वशक्ती कमी असल्याचे गाडी चालवताना बहुतेकांच्या लक्षातही आले नव्हते.

आता आपल्या गाडीकडे वळू. कोणताही पर्याय निवडण्याआधी एक तपासणी करावी लागेल, आणि ती आपण घरी करू शकता. १९९० च्या आणि १९९१ च्या सुरुवातीच्या काही गाड्यांच्या क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड होते. त्या टोकावर दात्याची पुली एका लहानशा चावीवर बसते, आणि बोल्ट कधी एकदा नीट आवळला गेला नसेल तर चावी व तिची खाच झिजत जाऊन पुली डुलू लागते. टायमिंग सरकते, गाडी ओढेनाशी होते, आणि मालक इंजेक्टर नि प्लग बदलत बसतो. ओळखायला सोपे आहे. बॉनेट उघडून बॅटरीचा दिवा खाली सोडा आणि क्रँकच्या पुलीत मध्यभागी असलेल्या बोल्टभोवतीच्या खाचा मोजा. चार असतील तर आखूड टोक, आठ असतील तर लांब. मागच्या वर्षी एका तरुणाची अशीच गाडी आली होती. टर्बोचे सगळे सामान त्याने आधीच विकत घेऊन डिकीत भरून आणले होते. मी दिवा धरला, त्याने खाचा मोजल्या, चार निघाल्या, आणि इंजिन सुरू केल्यावर पुलीची कड डोळ्यांना दिसेल इतकी हलत होती. ते सामान आजही त्याच्या गॅरेजात पडून आहे. आखूड टोकाच्या क्रँकवर टर्बोचा भार टाकण्याचे काम मी घेत नाही. त्याबरोबर चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा चारांमध्ये फरक किती, हे पाहायचे. दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल तर आहे त्या इंजिनावर एक डॉलरही खर्च करू नका.

दुसरी गोष्ट इंजिनाच्या मागे काय आहे याची. इंजिन निवडताना सगळे बॉनेटखाली पाहतात. मोडते ते मात्र मागच्या बाजूला. १.६ च्या गाड्यांच्या डिफरन्शियलमधला (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांच्या डब्यातला) रिंग गिअर सुमारे सहा इंचांचा आहे. माझदाने १९९४ साली १.८ चे इंजिन आणले तेव्हा तो सात इंचांचा केला, यातच त्या जुन्या डिफरन्शियलविषयी कारखान्याचे मत दिसून येते. चिकट टायर लावून, दीडशेच्या वर अश्वशक्ती घेऊन कुणी ट्रॅकवर गेले की सहा इंची डिफरन्शियल आज ना उद्या जाते. मी काढलेल्यांपैकी एकाचे तेल ट्रेमध्ये सोडले तेव्हा आधी चंदेरी चिखल आला आणि त्यामागून पिनियनचे दोन अख्खे दात टणकन खाली पडले. म्हणून आपण कोणताही मार्ग घ्या, १९९४ नंतरच्या गाडीचे डिफरन्शियल त्याच गाडीच्या प्रोपेलर शाफ्ट आणि अ‍ॅक्सल शाफ्टसह आणायचे, आणि मिळाले तर टॉर्सेन जातीचे (पकड असलेल्या चाकाला जास्त ताकद देणारे) आणायचे, हा खर्च यादीत सर्वांत वर लिहा. पाच गिअरांचा गिअरबॉक्स त्या मानाने सोशिक आहे. दीडशे-पावणेदोनशे पाउंड-फूट टॉर्क तो वर्षानुवर्षे वाहतो, त्याच्या वर गेल्यास सहा गिअरांचा शोधावा लागतो.

आता एकेक पर्याय.

१.८ लिटरचे माझदाचे इंजिन हा सर्वांत कंटाळवाणा आणि म्हणूनच माझ्या आवडीचा मार्ग आहे. १९९४-९५ चे इंजिन १२८ अश्वशक्तीचे, १९९६-९७ चे १३३ चे. माउंट जुळतात, गिअरबॉक्स तोच राहतो. फ्लायव्हील आणि क्लच मात्र १.८ चे घ्यायचे, कारण ते व्यासाने मोठे आहेत. वायरिंगमध्ये लक्ष घालावे लागते: आपल्या गाडीत हवा मोजणारा झडपेचा मीटर आहे, १९९४ पासून तापलेल्या तारेचा सेन्सर आला. वाढ कागदावर बारा ते सतरा अश्वशक्तींची दिसते, पण टॉर्क १०० वरून ११० पाउंड-फूटांवर जातो आणि तो ५,५०० ऐवजी ५,००० आरपीएमला मिळतो, त्यामुळे चढावर गिअर खाली टाकण्याची वेळ कमी येते. डिफरन्शियल धरून साधारण तीन-साडेतीन हजार डॉलरमध्ये हे काम माझ्याकडे होते. आपल्या २०० च्या आसपासही हा पर्याय जात नाही, हे मान्य.

टर्बोचा हिशेब कागदावर फार मोहक दिसतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो. त्यावर सात पीएसआय बूस्ट दिला तर दाब जवळजवळ दीडपट होतो, म्हणजे इंजिनही दीडपट ताकद देईल असे वाटते. तसे होत नाही, कारण दाबलेली हवा तापते, तापलेली हवा विरळ होते, आणि तीच उष्णता नॉकिंगला, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटण्याला, आमंत्रण देते. दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर लावून यातले बरेचसे परत मिळवता येते. पण कॅलिफोर्नियातल्या बहुतेक पंपांवर प्रीमियम म्हणून ९१ ऑक्टेनचेच पेट्रोल मिळते आणि आपल्या इंजिनाचे कॉम्प्रेशनचे प्रमाण ९.४ आहे, यांच्यामध्ये ट्यून करणाऱ्याला हलायला फारशी जागा उरत नाही. मोठे इंजेक्टर, स्वतंत्र ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), चांगला क्लच, मोठा रेडिएटर आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बसून शांतपणे केलेले ट्यूनिंग, एवढे सगळे असेल तर चाकांवर दीडशे ते एकशे सत्तर हा पल्ला निरोगी १.६ कडून मिळतो. त्यापलीकडे कनेक्टिंग रॉड बदलण्याच्या गोष्टी सुरू होतात आणि दहा हजारांचे पंधरा होतात.

माझी खरी हरकत उष्णतेवर आहे, आणि इथे थोडे थांबतो, कारण मियाटाच्या इंजिनाची ही गोष्ट अनेक जुन्या मालकांनाही माहीत नसते. या घराण्याची इंजिने मुळात पुढची चाके ओढणाऱ्या माझदा ३२३ सारख्या गाड्यांसाठी घडवलेली होती. तिथे इंजिन आडवे असते. गार पाणी एका टोकाने शिरते, चारही सिलिंडरांना शेकत दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. मियाटासाठी तेच इंजिन उभे बसवताना मागचे टोक फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला, टेकायला आले. थर्मोस्टॅट नि पाइप तिथे ठेवायला जागा उरली नाही, म्हणून पाण्याचा मुख्य निकासही पुढच्या बाजूला, पंपाजवळच आणला गेला. पाणी आळशी असते. जवळचा रस्ता मिळाला की ते पुढूनच शिरते आणि पुढूनच निघते. फायरवॉलजवळच्या चौथ्या सिलिंडरच्या वाट्याला त्यातले कमी येते. शहरात, डोंगरात, साध्या इंजिनावर याने काही बिघडत नाही. पण जुलै महिन्यात थंडरहिलला, दुपारी, वीस मिनिटांच्या सत्रात, टर्बो लावलेल्या गाडीची हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधले सील) गेली तर ती कुठे गेली हे मी हेड न काढता सांगतो. उपाय आहे: निकास पुन्हा मागे नेणारे पाइपिंग. ते काम तीन-चारशे डॉलरच्या सामानाचे आणि एका कटकटीच्या दुपारचे आहे. टर्बो लावायचाच असेल तर हे आधी करा. १.८ घालणार असाल तरी इंजिन बाहेर असतानाच उरकून घ्या, कारण तेव्हा हात आत जातो.

होंडाचे के२४ हे गेल्या काही वर्षांत सर्वांच्या तोंडी आहे, आणि ते उगाच नाही. २,३५४ सीसी, अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, बेल्टऐवजी चेन. २००४ च्या अ‍ॅक्युरा टीएसएक्समधले इंजिन कारखान्यातूनच २०० अश्वशक्ती आणि १६६ पाउंड-फूट टॉर्क देत असे. थोडे मोकळे इनटेक आणि एक्झॉस्ट दिले की चाकांवर २०० चा आकडा टर्बोशिवाय येतो. माझदाचा ब्लॉक बिडाचा असल्याने इतके करून गाडीचे नाकही जड होत नाही. होंडाची जुनी इंजिने उलट दिशेने फिरत, त्यामुळे मागची चाके फिरवणाऱ्या गाडीत ती घालणे हा खटाटोपच होता; के मालिका इतर इंजिनांसारखी सुलट फिरते, म्हणून एक अ‍ॅडॉप्टर प्लेट लावून ती मियाटाच्याच गिअरबॉक्सला जोडता येते. ट्रॅकवर हे इंजिन दिवसभर न कुरकुरता चालते, आणि समजा गेलेच तर भंगारवाल्याकडे दुसरे सहज मिळते. टर्बोच्या इंजिनाविषयी मी असे म्हणू शकत नाही.

मग अडते कुठे? पहिले, पैशांत. इंजिन स्वस्त आहे, पण त्याच्याभोवतीचे सगळेच नवे लागते: ऑइल पॅन, माउंट, कापून-जोडून बदललेला सबफ्रेम, हेडर, वायरिंग, ईसीयू, पेट्रोलची लाइन, आणि अर्थात डिफरन्शियल. सगळे काम स्वतः करणाऱ्यांचेही दहा हजार ओलांडलेले मी पाहिले आहेत. वर्कशॉपला मजुरी द्यायची तर पंधरा धरा. दुसरे म्हणजे वेळ. ‘दोन आठवड्यांत होईल’ असे ज्यांनी मला सांगितले त्यांच्यापैकी बहुतेकांची गाडी पुढच्या पावसाळ्यातही स्टँडवरच होती.

व्ही-८ विषयी थोडक्यात सांगतो, कारण आपल्या कामाचे ते नाही. शेव्हरोलेचे एलएस३ म्हणजे ६.२ लिटर आणि कॉर्व्हेटमध्ये ४३० अश्वशक्ती. हजार किलोच्या आतबाहेरच्या गाडीत ते बसते, छान बसते, आणि अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने वजनही लोकांना वाटते तेवढे वाढत नाही. पण गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक, सबफ्रेम, यांतले माझदाचे काहीच पुरत नाही. पंचवीस हजार डॉलरच्या खाली पूर्ण झालेले असे काम मी पाहिलेले नाही. शिवाय लागुना सेकाला बहुतेक दिवशी आवाजाची मर्यादा नव्वद डेसिबलच्या आसपास असते. तिथे व्ही-८ घेऊन जायचे म्हणजे भला मोठा सायलेन्सर लटकवून जायचे.

आता ज्या मुद्द्यावर आपले उत्तर खरोखर अवलंबून आहे आणि ज्याचा आपण उल्लेखच केलेला नाही, तो म्हणजे स्मॉग तपासणी, म्हणजे धुराची सरकारी तपासणी. कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या पेट्रोलच्या गाड्यांना, अगदी नव्या सोडल्या तर, दर दोन वर्षांनी ती करावी लागते, आणि आपल्या भागात १९९१ च्या गाडीचा धूर रोलरवर चालवून मोजतात. धूर स्वच्छ निघाला एवढ्याने काम होत नाही. बॉनेट उघडून काय बदलले आहे तेही पाहतात. प्रदूषणावर परिणाम करणाऱ्या, बाहेरच्या कंपनीच्या प्रत्येक भागाला राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा ईओ नंबर, म्हणजे मंजुरीचा क्रमांक, असावा लागतो. दुसऱ्या गाडीचे इंजिन घातले असेल तर गाडी रेफरीकडे, म्हणजे अशा खास प्रकरणांची तपासणी करणाऱ्या राज्याच्या केंद्राकडे, न्यावी लागते. तिथला नियम साधा आहे: इंजिन गाडीच्या वर्षाचे किंवा त्यानंतरचे हवे, त्याच प्रकारच्या वाहनातले हवे, आणि ते ज्या गाडीतून आले तिची प्रदूषणाची सगळी यंत्रणा सोबत जशीच्या तशी यायला हवी. १९९४ च्या १.८ ला हे सहज जमते. त्याच गाडीचा ईसीयू, सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उचलून आणायचा, बस. के२४ बहुतेकदा स्वतंत्र ईसीयूवर चालवले जाते आणि तिथेच रेफरी मान हलवतो. टर्बोच्या बहुतेक किटांचेही तेच. विक्रेता ‘सगळे पास होते’ म्हणाला तर त्याच किटचा, आपल्याच वर्षाच्या गाडीसाठीचा ईओ नंबर लेखी मागा. विरोधाभास असा की इथे व्ही-८ ची वाट थोडी मोकळी आहे: जनरल मोटर्स एलएस३ चे ई-रॉड नावाचे पॅकेज विकते, त्याला १९९५ व त्याआधीच्या गाड्यांसाठी अशी मान्यता आहे. फक्त त्याच्या किमतीत आपल्या दोन मियाटा येतील.

आपण मिशिगनमध्ये राहत असता, जिथे अशी तपासणीच नाही, तर माझे उत्तर बदलले असते. प्रदूषणाची यंत्रणा काढून टाकण्याविरुद्धचा केंद्रीय कायदा तिथेही लागू आहे, एवढे मात्र ध्यानात असू द्या. आणि हे पुण्या-मुंबईत बसून कुणी वाचत असेल तर त्यांनी यातले काहीही करण्याआधी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे आणि आरटीओत जाऊन विचारावे. तिथे मूळ नोंदणीपेक्षा वेगळे इंजिन घालणे ही गंमत नाही.

तेव्हा आपल्यासाठी माझे मत असे. गाडी सॅन होजेत नोंदवलेली राहणार असेल, रस्त्यावर चालणार असेल आणि मर्यादा दहा हजारांची असेल, तर १९९४ ते ९७ मधले निरोगी १.८, त्याचे सात इंची टॉर्सेन डिफरन्शियल आणि पाण्याचा निकास मागे नेण्याचे काम, हे चार-साडेचार हजारांत उरका. उरलेल्यांपैकी अडीच-तीन हजार शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बुशिंग, ब्रेक पॅड आणि टायरवर घाला. बाकीचे बँकेत राहू द्या, कारण काढलेल्या प्रत्येक जुन्या भागाखाली आणखी एक झिजलेला भाग सापडणार आहे. चाकांवर एकशे दहा-पंधरा अश्वशक्ती मिळतील. कॉर्कस्क्रूच्या चढावर तुम्हाला तरीही लोक ओलांडतील. खाली उतरताना त्यांतल्या बऱ्याच जणांना तुम्ही पुन्हा गाठाल. एक वर्ष अशी चालवा. त्यानंतरही २०० हवेच असतील, तर रस्त्याची नोंदणी सोडून ही गाडी फक्त ट्रॅकची करायची का, आणि ट्रेलर, तो ओढणारा ट्रक व ठेवायला जागा आहे का, हे घरी बसून ठरवा. उत्तर ‘हो’ आले तर के२४ घाला, १.८ साठी आणलेले डिफरन्शियल तेव्हाही उपयोगी पडेल, तो पैसा वाया जात नाही. टर्बो मी आपल्याला सुचवत नाही, कारण आपण थंडरहिलला जाता. ट्रॅकवर कधीच न जाणाऱ्या, डोंगरात अर्धा तास गंमत म्हणून गाडी हाणणाऱ्या माणसाला मी तो मोकळेपणाने सुचवला असता, अर्थात ईओ नंबरची अट तिथेही आहेच.

तूर्त काही विकत घेऊ नका. इंजिन गार असताना पुलीच्या खाचा मोजा, चारही सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनचे आकडे लिहून ठेवा, आणि डिफरन्शियलचे तेल काढून त्याच्या बोल्टवरच्या चुंबकाला काय चिकटले आहे त्याचा फोटो काढा. या तीन गोष्टी मला कळवल्यात तर १.८ शोधताना कोणत्या वर्षाचे वायरिंग सोबत मागायचे ते नेमके सांगता येईल.